महागड्या बेसचे पैसे कुठे जातात: आमच्या कार्यशाळेची वाटचाल

आम्ही दोघांनी कार्यशाळा सुरू केली ती बेस गिटार बनवण्यासाठी नव्हे, दुरुस्त करण्यासाठी. सेटअप करणं (तारांची उंची आणि नेक, म्हणजे लांब मान, नीट जुळवणं), झिजलेले फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) बदलणं, नट (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) नव्याने कोरणं, खरखरणारे पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग) साफ करणं, अशी कामं. बनवण्याकडे वळलो ते बऱ्याच उशिरा. त्यामुळे ‘हाताने घडवलेल्या बेससाठी इतके पैसे मोजावेत का?’ असं कुणी विचारलं, की आमचं उत्तर दुरुस्तीच्या टेबलावरूनच येतं.

त्या टेबलाने शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे कारखान्यातली बेस कमी दर्जाची वस्तू नाही. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली, ती मुळात कारखान्यासाठीच आखलेली होती. सपाट लाकडाची बॉडी, स्क्रूंनी जोडलेली नेक, ३४ इंचांची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. नेक बिघडली तर काढून दुसरी लावता येईल अशी सोय. बेसवादक जेम्स जेमर्सन यांनी मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीसाठी जे वाजवलं, त्यातलं बरंचसं १९६२च्या प्रिसिजनवर वाजवलं. दुसरे नावाजलेले बेसवादक जॅको पास्टोरियस यांची प्रसिद्ध फ्रेटलेस म्हणजे फ्रेट उपटून काढलेली १९६२चीच जॅझ बेस, फेंडरचंच दुसरं मॉडेल. दोन्ही कारखान्यातून बाहेर पडलेल्या. चांगलं संगीत करायला महागडी बेस लागते असं आम्ही आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही.

मग आम्ही बनवायला का लागलो? कारण दुरुस्तीला येणाऱ्या तक्रारींत काही तक्रारी अशा होत्या, ज्या दुरुस्तीने जात नव्हत्या आणि त्यातल्या बहुतेक नेकच्या होत्या.

चार तारा सुरात लावल्या की नेकवर साधारण ७५ किलोंचा ताण येतो. तो दिवसरात्र, वर्षानुवर्षं असतो. लाकडाची ती अरुंद पट्टी या ओढीने वाकते, म्हणून तिच्या आत ट्रस रॉड, म्हणजे घट्ट-सैल करता येणारी धातूची सळई, असतो. पण ट्रस रॉड फक्त पुढे-मागे येणारा बाक सांभाळतो. लाकडाला पीळ पडला, एक कड वर आणि दुसरी खाली गेली, तर साध्या ट्रस रॉडला काही करता येत नाही. फ्रेट घासून तो पीळ काही काळ झाकता येतो. आम्ही ते कित्येकदा केलं आणि तीच बेस पुन्हा टेबलावर आलेली पाहिली. दोष कारागिरांचा नव्हता. लाकूड पुरतं स्थिरावायला जो वेळ लागतो, तो ठरलेल्या किमतीत बसत नाही.

दुसरी तक्रार पाच तारांच्या बेसमधल्या पाचव्या तारेची. तिचा सूर खालचा ‘बी’, म्हणजे सुमारे ३१ हर्ट्झ. चार तारांच्या बेसमधला सर्वांत खालचा सूर ‘ई’ ४१ हर्ट्झचा. ३४ इंचांवर ही जाड तार अनेकदा ढिली वाटते आणि सूर गढूळ येतो. तीच तार, तोच सूर ठेवून स्केल ३५ इंच केली, तर ताण सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो. ऐकायला आकडा लहान आहे, पण बोटांना लगेच कळतो. मात्र लांबी वाढली की पहिल्या फ्रेटवर हात जास्त ताणावा लागतो. कुणाला ते झेपतं, कुणाला नाही. म्हणजे इथे माणूस समोर बसवून मोजमाप घ्यावं लागतं, आणि कारखान्याला तेवढंच करता येत नाही.

छोट्या कार्यशाळांचा इतिहासही हेच सांगतो. बेसवादक अँथनी जॅक्सन यांना खालच्या ‘बी’पासून सुरू होणारी सहा तारांची बेस हवी होती आणि तशी कुठेच मिळत नव्हती. १९७५ मध्ये वाद्यकारागीर कार्ल थॉम्पसन यांनी ती घडवून दिली. जॅक्सन तिथे थांबले नाहीत. केन स्मिथ आणि पुढे फोडेरा या बेस बनवणाऱ्यांकडून त्यांनी आपल्या कल्पनेतली बेस सुधारत नेली. त्याच दशकात अलेम्बिक या छोट्या कंपनीने बेसमध्ये ॲक्टिव्ह, म्हणजे वीज लागणारं, इलेक्ट्रॉनिक्स आणलं. मग १९७६ मध्ये म्युझिक मॅन कंपनीची स्टिंगरे ही बेस आली आणि बॅटरीवर चालणारा प्रीअँप (अँपच्या आधी आवाज वाढवणारा भाग) कारखान्याच्या बेसमध्येच मिळू लागला. कार्यशाळेत जन्मलेली कल्पना कारखाना उचलतो आणि स्वस्त करतो, हे चांगलंच आहे. पण त्यामुळे दोघांमधलं अंतर दर दशकात कमी होत जातं, हे आमच्या धंद्यातल्यांनी गिऱ्हाइकाला उघडपणे सांगायला हवं.

आता पैशांबद्दल. आमच्या बेसची किंमत लाकडापेक्षा वेळेने जास्त वाढते. नेकसाठी आम्ही क्वार्टरसॉन मेपल घेतो, म्हणजे ज्यात रेषा उभ्या येतात असं कापलेलं. ओलावा ६ ते ८ टक्क्यांवर स्थिर झाल्याशिवाय त्याला करवत लावत नाही. मग पट्ट्या चिकटवायच्या, जाडसर कापायचं, ठेवून द्यायचं. काही आठवड्यांनी सरळ पट्टी लावून पाहायची, हललेलं तेवढं रंध्याने काढायचं, पुन्हा ठेवायचं. काही नेक या टप्प्यावरच वाकडेपणा दाखवतात आणि बाजूला निघतात. त्यांच्यावर गेलेले लाकूड आणि तास विकल्या जाणाऱ्या बेसच्या किमतीत मोजावे लागतात. महिनोन् महिने शेल्फवर पडून असलेलं लाकूड म्हणजे अडकलेलं भांडवल, तेही त्यातच येतं. पिकअप (तारेचं कंपन टिपणारा भाग), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), ट्यूनिंग मशीन (तारा पिळायच्या खुंट्या) हे भाग मात्र आम्ही ज्या कंपन्यांकडून घेतो, त्यांच्याकडून कुणालाही विकत घेता येतात.

बॉडीतल्या खाचा आणि नेक बसते तो कप्पा आम्ही सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, मशीनवर कापतो आणि तसं आधीच सांगतो. तिथे मशीन हातापेक्षा अचूक आहे, आणि कप्पा जितका घट्ट तितका जोड पक्का. हात लागतो तो नेकच्या पाठीला, फ्रेटच्या कडांना, नटच्या खाचांना. माझी भागीदार फ्रेट समतल करते तेव्हा तारांच्या ताणाइतकाच बाक नेकला आधी देऊन घेते, कारण तार नसलेली नेक आणि तार चढवलेली नेक हे दोन वेगळे आकार आहेत. १२व्या फ्रेटवर तार फ्रेटपासून २ मिलिमीटरच्या आत आणि तरीही एकही फ्रेट खडखडत नाही, हे या कामातून साधतं. चांगल्या कारागिराकडून कारखान्याच्या बेसवरही यातलं बरंचसं करून घेता येतं, तेही नव्या बेसच्या किमतीच्या अगदी लहानशा भागात.

काही गोष्टींना पैसे लागतात, पण त्यातून आवाज मिळत नाही. बॉडीवर चिकटवलेला बर्ल (झाडाच्या गाठीचं लाकूड) किंवा फिगर्ड (नक्षीदार रेषांच्या) मेपलचा पातळ थर डोळ्यांना फार सुंदर दिसतो. मलाही तो घासून तेल लावताना, रेषा उजळताना पाहायला मनापासून आवडतं. पण त्याने आवाज सुधारल्याचं आम्हाला कधी ऐकू आलेलं नाही. लाकूड दुर्मीळ आहे म्हणून वाद्य चांगलं, हेही खरं नाही. ब्राझिलियन रोजवूड १९९२ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या आणि सर्वांत कडक परिशिष्टात आहे. २०१७ मध्ये रोजवूडच्या बाकी सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि परदेशी पाठवायच्या रोजवूडच्या प्रत्येक बेसला कागदपत्रं लागू लागली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तोवर आम्ही फ्रेटबोर्डसाठी (फ्रेट बसवतात त्या नेकवरच्या पट्टीसाठी) मेपल आणि इतर कठीण लाकडांकडे वळलो होतो, आणि एकाही वादकाने रोजवूड परत मागितलेलं नाही.

डेड स्पॉटबद्दल तर आम्ही कसलीच हमी देत नाही. बहुतेक बेसमध्ये ‘जी’ सुराच्या, म्हणजे सर्वांत बारीक, तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो, कारण त्या कंपनसंख्येला नेक स्वतः थरथरते आणि तारेची ऊर्जा खाऊन टाकते. कडक नेक, कार्बन फायबरच्या सळ्या, हेडस्टॉकचं (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाचं) वजन कमी-जास्त करणं, या सगळ्याने ती जागा सरकते, सौम्य होते. पुरती नाहीशी होईलच असं नाही. कितीही किंमत लावली तरी तसं वचन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मग आम्ही ऑर्डर कुणाची घेतो? आपल्या बेसमध्ये नेमकं काय कमी पडतंय हे ज्याला बोट ठेवून सांगता येतं, त्याची. एका बाईंचा खांदा पाच किलोंच्या बेसने कायमचा दुखू लागला होता. त्यांना साडेतीन किलोंच्या आतली, पट्ट्यावर आडवी राहणारी, हेडस्टॉक खाली न झुकणारी बेस हवी होती. हलकी बॉडी, हलकी ट्यूनिंग मशीन, बॉडीचं पट्टा अडकवायचं वरचं टोक १२व्या फ्रेटपर्यंत पुढे, असं सगळं जुळवावं लागलं. त्यांच्यासाठी ते पैसे सार्थ होते. त्या पुन्हा पूर्ण कार्यक्रम उभ्याने वाजवू लागल्या. श्रोत्यांना मात्र गाण्यात दोन्ही बेसमधला फरक ओळखता आला नसता, आणि हे मी त्या बाईंनाही आधीच सांगितलं होतं.

‘चांगली बेस हवी’ एवढंच सांगणाऱ्यांना आम्ही आधी त्यांचीच बेस घेऊन यायला सांगतो. नव्या तारा, नीट सेटअप, गरज असेल तर फ्रेटचं काम. बरेच जण तिथेच समाधानी होऊन जातात. आमचं भाडं अजूनही मुख्यतः दुरुस्तीतूनच निघतं, म्हणून हे सांगणं आम्हाला परवडतं. आणखी एक गोष्ट आम्ही ऑर्डर लिहून घेण्याआधी सांगतो: आपल्या मापाने बनवलेली बेस पुन्हा विकायला गेलं तर मोजकी नावाजलेली नावं सोडता मोठी घट सोसावी लागते. जे माप तुमच्या हाताला बसतं, ते दुसऱ्याच्या हाताला बसेलच असं नाही.

आमची असो वा दुसऱ्या कुणाची, महागडी बेस घेण्याआधी ती अँपला न जोडता वाजवून पाहा. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट, सावकाश. ‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटला सूर किती टिकतो ते ऐका. बसून नव्हे, पट्टा लावून उभ्याने अर्धा तास वाजवा आणि मध्येच दोन्ही हात सोडून हेडस्टॉक कुठे जातो ते बघा. घडवणाऱ्याला विचारा की वर्षभराने नेक हलली तर ती कोण बघणार आणि त्याचे पैसे कोण देणार. आमच्याकडे पहिल्या दोन वर्षांचं ते काम किमतीतच धरलेलं असतं.