आमची वाटचाल : ओंडक्यापासून धनुष्यापर्यंत

आमचं मूळ काम फर्निचरचं, त्यामुळे रंधा, पटाशी, कानस हातात बसलेलंच होतं. पण धनुष्याला फर्निचरसारखी कापलेली फळी आम्ही घेत नाही, ओंडका पाचर ठोकून फाडतो, म्हणजे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात.

फाडल्या फाडल्या दांड्याच्या दोन्ही टोकांना ग्लू थापायचा, कारण पाणी तिथूनच सगळ्यात भराभर उडतं आणि लाकूड तडकतं, मग सावलीत हवा खेळती राहील असं रचून वर्ष-दोन वर्षं वाट बघायची. ओलावा ८ ते १० टक्क्यांवर यायला हवा. ओलसर लाकडाचं धनुष्य दोरी काढली तरी बाकदारच राहतं आणि त्यात जोर उरत नाही. आता पैसे असे रॅकवर अडकून पडले की धंदा कसा चालणार? म्हणून फर्निचरची कामं आम्ही कधीच बंद केली नाहीत आणि तेच बरं झालं.

खरी मजा टिलरिंगची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत लाकूड थोडं थोडं खरवडत जाण्याची! धनुष्य भिंतीवरच्या स्टँडला आडवं लावायचं, दोरी पुलीवरून घ्यायची आणि लांब उभं राहून हळूहळू ओढत दोन्ही बाजू कशा वाकतायत ते बघायचं. जिथे ताठ दिसेल तिथे पेन्सिलची खूण, आणि फक्त तिथेच पोटाच्या बाजूने, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूने, स्क्रेपर फिरवायचा. पाठीला हात नाही, तिथलं वर्षवलय अखंड पाहिजे कारण सगळा ताण तीच बाजू सोसते. ४० पौंडांचं धनुष्य, म्हणजे पूर्ण ओढायला ४० पौंड जोर लागणारं, करायचंय तर त्याहून जास्त जोराने एकदाही ओढायचं नाही, थोडं खरवडायचं, बऱ्याच वेळा ओढून लाकडाला सवय लावायची, मग पुढचा इंच, असं करत दोरी २८ इंचांपर्यंत ओढली जाईस्तोवर.

१५४५ साली बुडालेलं 'मेरी रोज' हे इंग्लंडचं लढाऊ जहाज १९८२ मध्ये वर काढलं, त्यावर यू नावाच्या झाडाच्या लाकडाची शंभराहून जास्त धनुष्यं सापडली, पाठीला बाहेरचं फिकट लाकूड, पोटाला आतला गाभा. कारागिरांनी कुठे किती लाकूड राखलंय ते आम्ही फोटो मोठे करून करून बघितलं, त्यातून खूप शिकलो.

आज ऑर्डर घेतो ती वाळलेल्या साठ्यापुरतीच, घाई असलेल्या गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणतो. आणि धनुष्य देताना प्रत्येकाला सांगतोच, बाण न लावता दोरी सोडू नका आणि काम झालं की दोरी उतरवून ठेवा.