मैल्याची बोट आणि बाबांचा हात

रविवारी भर इंजिन रूममध्ये एका गोऱ्या म्हाताऱ्याने माझ्या त्र्याऐंशी वर्षांच्या बाबांना ओरडून मागे खेचलं आणि धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. धरणी नव्हतीच म्हणा. खाली सोलेंट सामुद्रधुनीचं पाणी.

इंग्लंडात साउदम्प्टनला 'शील्डहॉल' नावाची वाफेवरची जुनी बोट आहे, उन्हाळ्यात तिकीट काढून तिच्यावर फेरी मारता येते. बाबा तीन महिन्यांसाठी आलेत. टायटॅनिकच्या म्युझियममध्ये "बुडाली ना? मग आता काय बघायचं?" म्हणून बाहेर बाकावर बसून राहिले होते. पस्तीस वर्षं बोटीवर काढलेल्या माणसाला निदान तरंगती बोट तरी दाखवू, म्हणून नेलं.

ही बोट काय वाहायची ते मला चढल्यावर कळलं. मैला. थट्टा नाही. 1955 पासून ग्लासगो शहराच्या सांडपाण्याचा गाळ क्लाइड नदीतून खाली न्यायचा आणि समुद्रात सोडून परत यायचं, हे हिचं काम. उन्हाळ्यात वर डेकवर उतारूही असायचे. पहिल्या महायुद्धात दुखण्यातून उठणाऱ्या सैनिकांना हवापालट म्हणून ग्लासगोच्या मैल्याच्या बोटींवर न्यायला लागले आणि ती पद्धत पुढेही चालू राहिली. खाली टाक्यांत मैला आणि वर समुद्राची हवा! नंतर ही साउदम्प्टनला आली, इथेही तेच काम केलं आणि 1985 मध्ये थांबली. भंगारात जायची, तर 1988 मध्ये हौशी लोकांनी विकत घेतली. आज तिच्यावर जो दिसतो तो बिनपगारी. माझ्यासमोर एक आजोबा गुडघ्यावर बसून पितळी पट्टी पुसत होते. चकाकत होती आधीच, तरी पुसत होते.

मला रागच आला. आपली विक्रांत आठवली. 1971 ची विक्रांत! मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती, शाळेच्या सहलीत मी तिच्यावर जाऊन आले आहे. 2014 मध्ये तिचा लिलाव झाला, दारूखान्यात, मुंबईत जुन्या बोटी तोडतात तिथे, नेऊन तोडली आणि पुढे त्या पोलादाची मोटारसायकल निघाली. आणि इथे मैल्याच्या बोटीचं पितळ पुसायला रांग. हे सगळं मी बाबांना जरा जोरातच ऐकवलं. चार जणांनी वळून पाहिलं.

"आपल्या घराचा स्लॅब कशाचा आहे?" बाबा म्हणाले.

"कशाचा म्हणजे?"

"सळया कुठनं आल्या? बोटींचे पत्रे कापतात, तापवून लाटतात, त्याच्याच त्या सळया. मी स्वतः दारूखान्यात ओळख काढून घेतल्या होत्या. तुझ्या डोक्यावर बोटच आहे गो, चाळीस वर्षं झाली. तिला कोण पितळ पुसतंय?"

दाभोळच्या आमच्या घराच्या स्लॅबाकडे मी त्या नजरेने कधी पाहिलेलं नाही. तरी विक्रांतचं दुःख मला आहेच आणि बाबांच्या सळयांनी ते भागत नाही.

मग आम्ही खाली इंजिन रूममध्ये गेलो. शिडी उभी, पण बाबा शिडीकडे तोंड करून, दोन्ही हात कठड्यावरून घसरवत, माझ्या आधी खाली. घरी दोन पायऱ्यांना माझा खांदा लागतो. खाली उकाडा, तेलाचा वास, आणि चालू इंजिन. माझ्या पोरांना त्यांनी घरी समजावलं होतं की एकच वाफ तीनदा राबवतात. पहिल्या सिलिंडरात तिला जोर असतो म्हणून तो लहान. मग ती दमत जाते, म्हणून पुढचा मोठा आणि शेवटचा सगळ्यात मोठा. मला तेव्हा कंटाळा आला होता. इथे तिन्ही दांडे माझ्या डोळ्यांसमोर वरखाली होत होते आणि खाली हातभर जाडीचा क्रँक गरगरत होता.

बाबा कठड्याशी उभे राहिले. थोडा वेळ नुसती मान हलत होती, भजनात हलते तशी. मग काही कळायच्या आत ते वाकले आणि उजवा हात आत घातला. क्रँक वर आला, हाताच्या पंज्याला चाटून गेला, हात बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर.

तेव्हाच तो गोरा म्हातारा ओरडला.

मी सॉरी सॉरी म्हणत सुटले. म्हटलं, वय झालंय, कळत नाही त्यांना. हे मी त्यांच्यासमोर म्हटलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माणसाला म्हणाले, "बॉटम एंड ओके. मिडल वन लिटल हॉट."

तो गप्प. मग म्हणाला, "तेलवाला?"

मराठी नव्हे, हिंदी नव्हे, त्याच्या पद्धतीने वाकडंतिकडं, पण तेलवालाच, म्हणजे बोटीच्या इंजिनाला तेल घालणारा खलाशी. हा म्हातारा तरुणपणी भारतीय खलाशी असलेल्या बोटींवर इंजिनिअर होता. पुढची वीस मिनिटं सारंग, टिंडेल, आगवाला (बॉयलरची आग बघणारा, इंग्रजीत फायरमन), भंडारी. मला निम्मं कळलं नाही, त्याला सगळं. "हबेस" म्हणजे उचल आणि "आरिया" म्हणजे सोड, हे तर त्याने हात हलवून करून दाखवलं. क्रेनखाली उभी असलेली आपली माणसं अजून हेच ओरडतात. बाबांनी सांगितलं, पूर्वी वॉचला, म्हणजे आपल्या पाळीत, दर फेरीत प्रत्येक बेअरिंग असं हाताने बघायचं. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर तेल. ताल चुकला तर हात गेला. एकाचा गेलेला त्यांनी पाहिला होता. ते मला आजवर माहीत नव्हतं.

मग बाबांनी विचारलं, "तुमच्या बोटीवर गोऱ्या फायरमनला पगार किती होता?"

त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. बाबांनी बोटांवर हिशेब केला आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तिप्पट चौपट. मला वाटलंच होतं." तेही सुरुवातीची काही वर्षं गोऱ्या कंपनीच्या बोटींवर होते. त्या माणसाने खांदे उडवले नाहीत की सारवासारव केली नाही. चिंधीला हात पुसत राहिला.

रात्री मी शोधलं. इथल्या 1976 च्या वंशभेदविरोधी कायद्यात परदेशात भरती केलेल्या खलाशांना वगळणारं कलमच होतं. एकाच इंजिनावर, एकाच उकाड्यात! बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणे, "त्याच पगारात तुझ्या दोन आत्यांची लग्नं झाली. गावात बसून कोण देत होतं?" हा प्रश्न मला होता की कायद्याला, मी विचारलं नाही. दर महिन्याला इथलाच पगार घेणारी मी. माझ्या रागाचा आवाज थोडा चढतो तो त्यामुळेही असेल.

निघताना त्या माणसाने बाबांना पुन्हा खाली नेलं. नियम नियमच, हात घालू दिला नाही. पण तेलाची बुधली त्यांच्या हातात दिली, मधल्या बेअरिंगचा तेलाचा कप दाखवला आणि स्वतः बाजूला उभा राहिला.

सोमवारी मशीनमधून कपडे काढले तर नवऱ्याचे ऑफिसचे पाचही पांढरे शर्ट तपकिरी. बाबांच्या पँटच्या खिशात तेलाने भिजलेली चिंधी होती, मूठभर. मी ती नाचवत त्यांच्यासमोर गेले.

"साबणाने जायचं नाही ते," बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "रॉकेल आण."