आधी ऐक, मग बोल

हाय-एंड ऑडिओचा नाद असलेल्या माणसाशी वाद घालून बघा, पाचव्या मिनिटाला हे वाक्य येणारच. "तू ऐकलायस का हा ॲम्प? नाही ना? मग आधी ऐक, मग बोल." विषय संपला, आणि वर आपल्यावर 'उचलली जीभ लावली टाळ्याला'चा शिक्का. मी स्वतः हे वाक्य कितीतरी जणांच्या तोंडावर फेकलंय, त्यामुळे ते किती सोयीचं आहे हे मला चांगलंच माहितीये.

माझी गाडी घसरली ती एका डॅकवरून, म्हणजे डिजिटल गाण्याचा ॲम्पला चालेल असा सिग्नल करणाऱ्या डब्यावरून. मित्राने नवीन डॅक आणला, माझा जुना होताच, दोन्ही एकाच ॲम्पला लावले, इनपुटचं बटण फिरवलं की डॅक बदलला, इतकं सोपं. तंबोऱ्याचं एक रेकॉर्डिंग लावलं होतं आणि नव्या डॅकवर जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झंकार, अशी काही उलगडत होती की मी म्हणलं झालं, आपला डबा विकायला काढायचा. बहिऱ्यालाही कळेल एवढा फरक होता, शपथ. पण मित्र पडला इलेक्ट्रॉनिक्सवाला आणि स्वभावाने संशयी. त्याने ४०० हर्ट्झचा टोन लावला (साधे मल्टिमीटर त्याच्या फार वर नीट मोजत नाहीत म्हणे) आणि मीटर एसीवर ठेवून दोन्ही डॅकचं आउटपुट मोजलं. माझा २.०० व्होल्ट, त्याचा २.२५. म्हणजे साधारण १ डेसिबलचा फरक. आता गंमत अशी की एवढ्याशा फरकाने 'आवाज वाढला' असं वाटतच नाही, 'जरा मोकळं वाटतंय, भरीव वाटतंय' असं वाटतं, आणि आपण ते सगळं डॅकच्या गुणात मोजतो.

मग त्याने दोन्हींच्या आवाजाची लेव्हल सारखी केली, मला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि दर वेळी नाणं उडवून, छापा-काट्याप्रमाणे डॅक लावत गेला. १६ वेळा. १६ पैकी १२ तरी बरोबर आले तर हे नुसतं नशीब नाही असं म्हणायला जागा असते. माझे आले ९. वाईट ते नव्हतंच, वाईट हे की सातव्या वेळी मी छातीठोकपणे म्हणलो होतो "हा तुझा, शंकाच नाही, बघ किती खुललाय", आणि सहाव्यानंतर सातव्याला त्याने काहीच बदललं नव्हतं, दोन्ही वेळा माझाच डॅक वाजत होता.

आपल्याकडे म्हणतात ना, कान आणि डोळा यांच्यात चार बोटांचं अंतर, ऐकलेल्यापेक्षा पाहिलेलं खरं. ऑडिओत हे बरोब्बर उलटं आहे. डोळा ती चार बोटं चालून येतो आणि कानात जाऊन बसतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ऑडिओ संशोधकांनी १९९४ मध्ये ४० जणांना घेऊन हेच तपासलं, तेही हरमनच्या, म्हणजे स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्याच माणसांवर. तेच स्पीकर, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआडून. मार्क बदलले, आणि ऐकण्याचा सराव असलेलेही त्यातून सुटले नाहीत. मला त्यातली जास्त बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. स्पीकरची खोलीतली जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो, पडद्याआडून ऐकणाऱ्यांच्या मार्कांत तो बदल दिसत होता, पण स्पीकर डोळ्यांसमोर असले की तोच खरा बदल लोकांच्या लक्षात येईनासा झाला. म्हणजे डोळा नसलेला फरक ऐकवतो ते सोडाच, असलेला खाऊनही टाकतो.

आणि २०२२ ची ती एलपीची भानगड आठवतेय ना? मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या बऱ्याच रेकॉर्ड्सच्या मास्टरिंगमध्ये, म्हणजे मूळ टेपवरून रेकॉर्ड तयार करताना, मधे डिजिटल टप्पा होता हे उघड झालं. त्याआधी कित्येक वर्षं ह्याच रेकॉर्ड्स ऐकून लोक शुद्ध ॲनालॉगची ऊब का काय ती वर्णन करत होते. ऐकलं तर होतं की सगळ्यांनी, स्वतःच्या कानांनी, उत्तमातल्या उत्तम सिस्टमवर.

मग न ऐकता बोलावं का? माझं म्हणणं, कशाबद्दल बोलतोय त्यावर आहे. स्पीकर केबलबद्दल मी बिनधास्त बोलतो. ३ मीटर लांब, २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर घेतली तर जाऊन-येऊन तिचा रेझिस्टन्स भरतो ०.०४ ओहम, पुढे स्पीकर ८ ओहमचा, आवाजात घट ०.०५ डेसिबलपेक्षाही कमी. ह्यासाठी मी कुणाच्या सोफ्यावर जाऊन डोळे मिटून बसायचं काही कारण नाही. चमत्कारांचे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी, त्यांनी २००७ मध्ये अशी महागडी केबल ओळखून दाखवणाऱ्याला आपलं १० लाख डॉलरचं बक्षीस देऊ केलं होतं, ते कुणी घेऊन गेलं नाही.

पण 'सगळे ॲम्प सारखेच' असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. व्हॉल्व्हवाल्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) बऱ्याचदा १-२ ओहम किंवा त्याहून जास्त असतो, स्पीकरचा इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे वर-खाली होत असतो, दोघांची गाठ पडली की टोन बदलणारच, आणि तो ऐकूही येतो. एकच आकडा धरून बसणारे तर वेगळीच जमात. एका डॅकचा सिनॅड (सिग्नल हा गोंगाट आणि विकृतीच्या किती वर आहे त्याचा आकडा, डेसिबलमध्ये) ११० आणि दुसऱ्याचा १२०, म्हणून दुसरा भारी. अरे पण ११० लाच सगळी घाण इतकी खाली गेलीये की कानाला पत्ता लागत नाही, वरचे १० कुठल्या कानाने ऐकणार?

मी स्वतः आपटलो ते स्पीकरमध्ये, तेही नेमका डॅकचा धडा घेऊन शहाणा झाल्यावर. आता कानावर विश्वास नाही, आता फक्त ग्राफ, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला स्पीकर किती वाजतो त्याचं मोजमाप! ऑलिव्हनी २००४ मध्ये ७० स्पीकर घेऊन दाखवलं होतं की नुसत्या मोजमापांवरून लोकांची पसंती बरीच जवळपास सांगता येते, कोरिलेशन ०.८६ (१ म्हणजे तंतोतंत जुळणं). मी म्हणलं अजून काय पाहिजे. ग्राफ बघून, न ऐकता, स्पीकर घेतले. घरी लावले तर बासची एकच पट्टी अशी घुमायची की खुर्चीत बसलं की छातीवर कुणीतरी उशी ठेवल्यासारखं. खोलीची लांबी ४ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागा, येतात साधारण ४३ हर्ट्झ. बरोब्बर तिथेच घुमत होतं, कारण माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली आणि तिथे हा घुमारा सगळ्यात जास्त. स्पीकर निर्दोष, ग्राफ खरा, फक्त ग्राफमध्ये माझी खोली नव्हती. खुर्ची सव्वा मीटर पुढे ओढली तेव्हा कुठे गाणं ऐकू आलं. आणि हे मी कुठल्या शोरूममध्ये जाऊन दोन तास ऐकलं असतं तरी कळलं नसतं, कारण तिथे खोली त्यांची.

हेडफोनचं तर सोडूनच द्या, तो डोक्यावर घातल्याशिवाय मी हल्ली तोंडच उघडत नाही. माझा चष्मा आहे, काडी पॅडखाली आली की फट पडते आणि तिथून बास गळतो. ग्राफ काढताना ज्या पुतळ्याच्या डोक्यावर हेडफोन चढवतात, त्याला कुणी चष्मा घालत नाही.

बाकी मित्राचा तो डॅक शेवटी मी घेतलाच. त्याने दुसरा आणला आणि हा मला दिला. पुढच्या बाजूला जाडजूड ॲल्युमिनियमचं बटण आहे, फिरवताना हाताला असं मऊ, जड लागतं, आणि मागे छोटा पिवळा दिवा. ९ चा स्कोअर अजून वहीत लिहिलेला आहे. पण रात्री तंबोरा लावला आणि तो दिवा दिसत असला की जवारी जरा जास्तच उलगडते.