‘गाडी लागणे’ या दोन शब्दांपायी गेलेले साडेचार महिने

गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्राची, म्हणजे सिम्युलेटरची, खोली मिळवणे, स्टिअरिंगमागच्या दांड्या अदलाबदल करून बसवून घेणे आणि मार्गदर्शकांचा होकार मिळवणे या तिन्ही कामांना मिळून जेवढा वेळ लागला, त्याहून अधिक वेळ माझ्या प्रयोगातील सहभागींसाठीच्या संमतिपत्रातल्या एका वाक्याने खाल्ला. ते वाक्य असे होते : ‘प्रयोगादरम्यान तुम्हाला गाडी लागू शकते.’

माझा विषय थोडक्यात सांगते. आपल्याकडच्या जपानी आणि कोरियन कंपन्यांच्या गाड्यांमध्ये इंडिकेटरची दांडी साधारणपणे उजव्या हाताला आणि वायपरची डाव्या हाताला असते, तर युरोपीय कंपन्यांच्या गाड्यांमध्ये याच्या नेमके उलट असते. आपल्या गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे डावा हात गिअरवर गुंतलेला असतो, आणि म्हणून इंडिकेटर उजव्या हाताला असणे सोयीचे पडते. युरोपीय मांडणी मुळात डावीकडच्या स्टिअरिंगसाठी आखलेली आहे आणि ती तशीच इकडे आली आहे. एका मांडणीवर हात बसलेला माणूस दुसऱ्या मांडणीच्या गाडीत बसला, की भर मे महिन्यात वळणावर त्याचे वायपर सुरू होतात. ही चूक किती काळ होत राहते, ती घाईच्या वळणावर वाढते का, आणि नवी सवय लागल्यावर जुन्या गाडीत परतताना काय होते, हे मला मोजायचे होते.

‘यात संशोधन करण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न मला अपेक्षित होता आणि त्याचे उत्तर तयार होते. पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये वैमानिकांच्या ४६० चुकांचा अभ्यास केला, तेव्हा एका नियंत्रकाऐवजी (दांडी, कळ वगैरेंऐवजी) दुसरा वापरणे हा चुकांचा सर्वांत मोठा गट निघाला. विमाने बदलली की नियंत्रकांच्या जागाही बदलत, आणि हात मात्र जुनी जागा शोधत. त्याच काळात अल्फॉन्स चॅपानिस यांनी चाके खाली-वर करणाऱ्या दांडीला चाकाचा आणि फ्लॅपच्या (पंखामागच्या हलत्या पट्टीच्या) दांडीला फ्लॅपचा आकार देण्याचा उपाय सुचवला, म्हणजे न पाहताही हाताला फरक कळेल. वैमानिकाला दोष देऊन थांबण्याऐवजी दांडीकडे पाहावे, एवढेच माझे म्हणणे होते. हा भाग माझा अर्ज तपासणाऱ्या समितीने विनातक्रार स्वीकारला.

माणसांवर कोणताही प्रयोग करायचा असेल, तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि आमची समिती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांना धरून चालते. त्यात जोखमीच्या चार पायऱ्या आहेत. जोखीम किमान असेल तर अर्जाचा निकाल त्वरित पद्धतीने, मोजक्या सदस्यांकडून लागू शकतो; जोखीम त्याहून अधिक ठरली, तर तो पूर्ण समितीपुढे जातो. आमच्या समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदा होते. संमतिपत्र सहभागी व्यक्तीच्या भाषेत हवे, आणि ते मूळ मजकुराशी जुळते हे दाखवण्यासाठी त्याचे प्रकल्पाबाहेरच्या माणसाकडून इंग्रजीत उलटे भाषांतर करून घ्यावे लागते. घोटाळा झाला तो या उलट्या भाषांतरात.

स्थिर सिम्युलेटरमध्ये डोळ्यांना रस्ता सरकताना दिसतो आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला मात्र शरीर जागेवरच असल्याचे जाणवते. या विसंगतीमुळे काहींना मळमळते, घाम येतो, डोके जड होते. मराठी माणूस याला ‘गाडी लागणे’ म्हणतो. याहून अचूक शब्द मला तेव्हा सुचला नव्हता आणि आजही सुचत नाही. भाषांतर करून देणाऱ्या संस्थेने मात्र त्याचे जे इंग्रजी केले, त्याचा अर्थ ‘सहभागी व्यक्तीला वाहनाची धडक बसू शकते’ असा होत होता, आणि त्याखाली भाषांतर तंतोतंत असल्याचा सहीशिक्क्याचा दाखला होता.

तीन आठवड्यांनी समितीचे पत्र आले. जोखीम ‘किमान’ या वर्गात बसत नसल्याने अर्ज पूर्ण बैठकीपुढे ठेवला जाईल, सहभागींच्या अपघात विम्याची कागदपत्रे जोडावीत आणि रुग्णवाहिकेची व्यवस्था कशी केली आहे ते लेखी कळवावे, असे त्यात म्हटले होते. माझा सिम्युलेटर दुसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत, जमिनीला बोल्टने जखडलेला आहे. मी तसे लेखी कळवले. उत्तर आले, की जमिनीला जखडलेल्या यंत्राची धडक कशी बसू शकते याचा खुलासा करावा.

मी समितीच्या सदस्य सचिवांना भेटले. त्यांनी सौजन्याने ऐकून घेतले. परंतु त्यांच्यापुढे प्रमाणित कागद होता आणि माझ्याकडे तोंडी स्पष्टीकरण, त्यामुळे भाषांतराचा दाखला दुरुस्त करून आणावा, असे त्यांनी सांगितले. भाषांतर संस्थेचे म्हणणे असे, की आमचे भाषांतर शब्दाला शब्द बरोबर आहे आणि मूळ मराठी बदलल्याशिवाय आम्ही दाखला बदलणार नाही. मूळ मराठी बदलायची, तर समितीकडे गेलेली आवृत्ती मागे घेऊन नव्याने अर्ज करावा लागणार होता. समिती आणि भाषांतर संस्था यांच्या मध्ये मी सात आठवडे फेऱ्या मारल्या, आणि त्यातले दोन तर संबंधित लिपिक रजेवर असल्यामुळे केवळ वाट पाहण्यात गेले. जाता जाता सांगते, प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख छापा. ती नव्हती म्हणून माझी एक अख्खी फाईल न उघडताच परत आली होती.

अखेर बैठकीत मला बोलावले. समितीत एक सदस्य सर्वसामान्य नागरिकांमधून घेतलेला असतो. आमच्याकडे त्या जागी एक निवृत्त शिक्षिका होत्या. अध्यक्षांनी ते वाक्य मोठ्याने वाचले, तशा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अहो सर, आंबेनळी घाटात आमच्या सहलीच्या अर्ध्या पोरांना लागते ती ही गाडी. धडक कसली?” दोन मिनिटांत प्रश्न मिटला. साडेचार महिन्यांत मराठी घरातल्या एका माणसाने तो कागद मोठ्याने वाचला असता, तर मला बैठकीपर्यंत जावेच लागले नसते, हे मी त्या वेळी बोलले नाही. ते इथे लिहीत आहे.

समितीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागेल. मळमळ सुरू होताच प्रयोग थांबवण्याचा नियम त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला आणि तो योग्यच होता, कारण माझ्या प्रयोगात वळणेच वळणे आहेत. वळणे वाढवली की इंडिकेटरच्या नोंदी वाढतात आणि त्याबरोबर मळमळही. ती मोजण्यासाठी रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांची १९९३ ची सोळा लक्षणांची प्रश्नावली प्रयोगाच्या आधी आणि नंतर भरून घेते. मात्र खरी जोखीम त्यांनी विचारलीच नाही. चाचणीसाठी मी स्वतः तासभर उलट्या मांडणीवर सराव केला आणि घरी जाताना, संध्याकाळच्या गर्दीत, माझ्याच आठ वर्षे वापरलेल्या गाडीचे वायपर सुरू केले. नव्या सवयीचे शेपूट जुन्या गाडीत येते, आणि ते खोलीत नव्हे, खऱ्या रस्त्यावर येते. सत्रानंतर अर्धा तास थांबणे, जुन्या मांडणीवर पुन्हा सराव करणे आणि जमल्यास त्या दिवशी रिक्षाने घरी जाणे, या तीन अटी मी कोणी न मागता अर्जात घातल्या.

अर्ज करणाऱ्यांनी उलटे भाषांतर समितीकडे देण्यापूर्वी स्वतः वाचावे; मी पाकीट न उघडता जोडले होते, ही चूक माझी. वाक्प्रचार असेल तिथे कंसात त्याचा अर्थही मराठीतच द्यावा. भाषांतराची पावती सांभाळून ठेवावी, कारण दुरुस्तीसाठी तीच मागतात.

मंजुरीच्या पत्रात एक अट होती : ‘गाडी लागू शकते’ हे शब्द काढून ‘सिम्युलेटरजन्य अस्वस्थता उद्भवू शकते’ असे लिहावे. मी लिहिले. पहिले सहभागी, पन्नाशीचे एक गृहस्थ, संमतिपत्र वाचता वाचता त्या ओळीवर थांबले आणि त्यांनी विचारले, “म्हणजे काय हो, मॅडम?” मी सांगितले, “गाडी लागू शकते.” ते म्हणाले, “मग तसंच लिहायचं ना,” आणि त्यांनी सही केली. तसे लिहायचे, तर मंजूर मजकुरातील बदलासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्याला पुन्हा उलटे भाषांतर जोडावे लागते.