चिंच आधी घातली होय?

मुलीचं बाळंतपण नागपूरला तिच्या घरीच करायचं ठरलं आणि बायको तिकडे गेली. जाताना हिशेब सव्वा महिन्याचा होता, झाले अडीच महिने. मी चिंचवडला एकटा. वय ५९, सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली, हातात कायम बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर. स्वयंपाकघरातली माझी मजल मात्र चहा आणि भाजलेला पापड, तोही कडेला करपलेला.

पहिले आठ दिवस डबा लावला. रोज बटाटा आणि भाजीवर बोटभर तेल. नवव्या दिवशी पित्ताने उलटी झाली, डबा बंद केला आणि बायकोला फोन लावला.

"डाळ बुडेल एवढं पाणी घाला, आणि वर थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"अहो, अंदाजाने."

"तो नाही ना माझ्याकडे!"

तिकडून बाळ रडल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. मुलीची एक अर्धी कोरी वही सापडली, तिच्यात लिहायला सुरुवात केली. पण वाटीपाशीच गाडी अडली. आमच्या घरात स्टीलच्या ७ वाट्या, आणि पाणी भरून मोजलं तर सगळ्यांत लहान वाटीत १३० मिली मावतं, मोठीत १९०. 'एक वाटी डाळ' म्हणणाऱ्याने कोणती वाटी धरायची? मी १५० मिलीची एक निवडली आणि तिच्या बुडाला लाल मार्करने फुली मारली. कारखान्यात बाकीची मापं ज्याच्याशी ताडून बघतात त्या मास्टर पीससारखी. तेव्हापासून भात, डाळ, पाणी, सगळं त्याच वाटीने.

कुकरने दोन धडे दिले. पहिला साधा होता. झाकणाची रिंग मी धुऊन ओट्यावर वाळत ठेवली होती, ती तिथेच राहिली. वीस मिनिटं शिट्टीची वाट बघत पेपर वाचला, वाफ कडेने जात होती आणि तळाचं पाणी आटून भांड्याला वास लागला. दुसरा धडा जरा बारीक होता. "तीन शिट्ट्या" असं सगळे सांगतात. मी गॅस मोठा ठेवला, तीन शिट्ट्या भराभर झाल्या, आणि डाळ कच्ची. मग डोक्यात आलं, शिट्टी म्हणजे काही घड्याळ नाही. आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वजन उचललं जातं, एवढाच तिचा अर्थ. त्या दाबाला पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांला उकळतं आणि डाळ त्या उष्णतेत किती वेळ राहिली यावर शिजते. आता मी पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करतो आणि घड्याळ लावून बारा मिनिटं थांबतो. वरण लोण्यासारखं होतं. हे माझं मलाच सुचलं म्हणून दोन दिवस मी फार खुशीत होतो.

ती खुशी आमटीने उतरवली. वरण जमलंय तर आमटी काय अवघड, असं वाटलं. भांडी कमी पडावीत म्हणून चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, गोडा मसाला सगळं डाळीबरोबरच कुकरमध्ये घातलं. बारा मिनिटांनी उघडलं तर डाळ खाली, पाणी वर, दाणा दाताखाली कडक. परत लावला. तरी तेच. दुसऱ्या दिवशी मी वाण्याकडे जाऊन जुनी डाळ दिलीस म्हणून चार शब्द सुनावले. त्याने मुकाट्याने दुसऱ्या पोत्यातली दिली. ती पण शिजेना.

वरच्या मजल्यावर मंगळवेढ्याच्या एक आजी राहतात. लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा मी डाळीचं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"चिंच आधी घातली होय?"

घातली होती. आंबट पडलं की डाळीचा दाणा आवळून बसतो, शिजून फुटत नाही. मागाहून वाचलं, की दाण्यातल्या पेशी पेक्टिनने एकमेकींना धरून असतात आणि आम्लात ते सहजासहजी सुटत नाही. टोमॅटो, आमसूल, सगळ्यांचं तेच, आणि बटाट्यालाही हाच नियम लागू. आजींना पेक्टिन हा शब्द माहीत नाही. "आंबट मागनं घालायचं असतंय," एवढंच त्यांचं शास्त्र. वाण्याकडून त्या आठवड्यात मी गरज नसताना अर्धा किलो शेंगदाणे घेतले. माफी मागायचं काही जमलं नाही.

फोडणीचं थोडक्यात सांगतो. मोहरी पूर्ण तडतडेपर्यंत धीर धरायचा, हिंग-हळद शेवटी, आणि लाल तिखट गॅस बंद केल्यावर. एकदा तिखट तापल्या तेलात गेलं आणि खोकत खोकत मी गॅलरीत पळालो, तर शेजारच्या गॅलरीतही खोकला सुरू.

भाकरी मात्र वहीत मावली नाही. पहिली भाकरी मी गार पाण्यात भिजवली, थापताना तिचे भारताच्या नकाशासारखे तुकडे झाले. पीठ आणि पाणी ग्रॅममध्ये मोजलं, तरी तुकडेच. शेवटी आजींना खाली बोलावलं. गुडघ्यांमुळे त्या उभ्या राहू शकत नाहीत, खुर्ची टाकून बसल्या आणि आधी पीठ चिमटीत घेऊन चोळलं.

"हे कधी दळलंय?"

"बायको गेली त्याच्या आधी."

"विरी गेलीय याची. फेकून दे."

गव्हात चिकटा असतो म्हणून कणीक लाटता येते. ज्वारीत तो नसतो. ताज्या पिठाला जी थोडी विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, असते ती, आणि आधणाचं पाणी घातल्यावर पिठाचा जो चिकटपणा जागा होतो तो, एवढ्यावर सगळी भाकरी उभी. मी दोन किलो मालदांडी ज्वारी आणून गिरणीतून दळून आणली. उकळतं पाणी घातलं, हाताला सोसेल तसं तळहाताच्या टाचेने रगडलं. "अजून," आजी म्हणायच्या. "अजून." खांदा भरून आला तरी "अजून". कडा चिरत नाहीत इतपत झालं तेव्हा थापायची परवानगी मिळाली. भाकरी हाताखाली आपोआप गोल फिरायला हवी, माझी एका जागी बसून राही. खाली पीठ कमी पडलं होतं.

तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की तडे जातात, घाई केली तर तव्याला चिकटते. हा क्षण किती सेकंदांनी येतो ते मी घड्याळावर मोजून बघितलं. ४०, २५, ५०, प्रत्येक वेळी वेगळं. तवा वेगळा तापलेला असतो. आजी घड्याळाकडे बघत नव्हत्या, भाकरीची चकाकी बघत होत्या. ती चकाकी मला दिसायला तीन आठवडे लागले. बाजरीची अजूनही जमत नाही.

बायको परतली त्या संध्याकाळी पिठलं-भाकरी केली. पाचातल्या तीन भाकऱ्या फुगल्या, दोन फाटल्या. तिने फाटकी आधी वाढून घेतली. पिठल्यात एक गुठळी होती, ती काही न बोलता ताटाच्या कडेला सारली. मग उठून ओट्याशी गेली, कुकरचं झाकण उजेडात धरलं.

"रिंग कडक झालीय हो ही. किती दिवस अशीच चालवताय?"