डब्यांना संवाद नसतात

नाताळची सुट्टी संपली की ठाणे स्टेशनाजवळच्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत अभ्यास नावापुरता उरायचा. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती व्हायची आणि ती आटोपली की लगेच स्नेहसंमेलनाच्या तालमी.

बाईंपुढे दरवर्षी एकच पेच: मुलं फार, भूमिका थोड्या. तिसरीला आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकवतात, त्यातूनच आमच्या बाईंनी तोड काढली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीचं नाटुकलं बसवलं. त्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती आणि मागे 14 डबे. वर्गातली तीन धीट मुलं इंजिनं झाली. तोंडातून शब्द फुटत नव्हता अशांना बाईंनी डबे केलं. डब्यांना संवाद नसतात! पुढच्याचा सदरा धरायचा आणि झुकझुक करत यायचं. उरलेल्या मुली फलाटावर जमलेले ठाणेकर. दांडगट मंडळींना विंगेत बसवून फुगवलेल्या कागदी पिशव्या दिल्या होत्या, 21 तोफांच्या सलामीसाठी. तोफा तिसाच्या वर झाल्या असाव्यात. मी नववा डबा होतो. आमच्या घरात आजही हा मानाचा हुद्दा समजला जातो.

कोळीनृत्याशिवाय शाळेचं संमेलन होत नाही. आमच्याकडे पंचाईत ही, की निम्म्या मुली चेंदणी कोळीवाड्यातल्या. रंगीत तालीम बघायला त्यांच्या आया-आज्या यायच्या. पिना टोचून बसवलेल्या निऱ्या बघून एका आजीला राहवलं नाही. ‘असं नाय नेसत गो’ म्हणत ती उठली आणि चक्क बाईंनाच लुगडं नेसवून दाखवलं. त्यानंतर त्या नाचाचं खातं कायमचं कोळीवाड्याकडे गेलं. टोपल्यासुद्धा खऱ्या आल्या, वासासकट. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले, मागच्या रांगांनी शिट्ट्या मारल्या.

आषाढीला शाळेला सुट्टी, म्हणून दिंडी आदल्या दिवशी निघायची. जांभळी नाक्याच्या बाजारातून कोपिनेश्वराच्या देवळापर्यंत. विठ्ठलाची दिंडी शंकराच्या दारात कशी, असं कुणी विचारल्याचं आठवत नाही. पावसामुळे विठोबा रेनकोटात आणि मुकुट रेनकोटाच्या टोपीवर. फुलवाल्या तुळशीच्या माळा घालायच्या, भाजीवाले केळी हातात कोंबायचे आणि देवळात पोचेपर्यंत निम्म्या वारकऱ्यांचा उपवास आदल्या दिवशीच सुटलेला असायचा. बालदिनाच्या आनंद मेळाव्यात आम्ही भेळ आणि कोकम सरबत विकायचो. गिऱ्हाईक मुख्यतः आपापल्या आया, त्यामुळे नफ्याचा हिशेब फारसा कुणी विचारत नसे.

मोठ्या शाळांची संमेलनं मासुंदा तलावाकाठी, गडकरी रंगायतनात व्हायची. 1978 साली सुरू झालेलं ते नाट्यगृह म्हणजे आम्हाला फार लांबचं स्वप्न. आमच्या वाट्याला मैदान, चार बांबू आणि खरखर आवाज येणारा माइक. परवा भाचीच्या कार्यक्रमाला एका वातानुकूलित सभागृहात गेलो. नाच आमच्यापेक्षा कितीतरी सफाईदार, दिवे तर विचारूच नका. पण घरटी दोनच पास, म्हणून आजी घरी राहिली. मैदानाला पास कसला? समोरच्या चाळीच्या गॅलऱ्या संध्याकाळी सहापासून भरायच्या, इस्त्रीवाला दुकान बंद करून यायचा, आणि मूल आमच्या शाळेत नसलेल्यांचीच गर्दी जास्त असायची.

त्या गर्दीचा हक्कही होता म्हणा. पडदे म्हणजे चाळीतल्या साड्या. राजाच्या दरबारातल्या सतरंज्या, समया, लोड, सगळं घरोघरून आणलेलं. दुसऱ्या दिवशी शिपाईमामा फळ्यावर यादी लिहून एकेक वस्तू ज्याची त्याला परत करत. एका वर्षी एका पितळी घागरीवर दोन घरांनी हक्क सांगितला. दोघीही हटेनात. घागरीवर नाव घातलेलं नव्हतं. शेवटी मुख्याध्यापकबाईंनी निकाल राखून ठेवला आणि घागर शाळेच्या कपाटात गेली. पुढच्या संमेलनाला दोन्ही घरांनी आणखी एकेक घागर पाठवली, मोठ्ठ्या अक्षरांत नाव घालून.