राजमा बाधला, पण गॅसने नव्हे

वसतिगृहाच्या मेसमधून रात्री दहाच्या सुमारास फोन आला: ‘मॅडम, राजम्याने पोरांना गॅस झालाय, उलट्या थांबत नाहीत.’ जेवणं आठला झाली होती. वेळ ऐकूनच शंका आली. मुलांना आधी डॉक्टरांकडे न्यायला आणि टोपात उरलेला राजमा तसाच झाकून ठेवायला सांगितलं.

कडधान्यांचा गॅस इतक्या लवकर होत नाही. त्यांच्यात रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बास्कोज अशा साखरा असतात आणि त्या तोडणारं विकर आपल्या लहान आतड्यात नसतंच. त्या न पचता मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जिवाणू त्या आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. एवढा प्रवास व्हायला काही तास जातात. मग पोट डब्ब होतं, गुबारा धरतो. दोन तासांत सगळ्यांना एकदमच उलट्या-जुलाब, हे त्याचं लक्षण नव्हे.

टोपातला एक दाणा चिमटीत दाबला. साल सुटली, वरचा थर पिठूळ झाला, पण आतला गर खडूसारखा पांढरा आणि टणक होता. ‘हिंग-आलं सगळं घातलं होतं,’ आचारी सांगत होते. खोदून विचारल्यावर कळलं की राजमा दुपारी भिजत घातला, तेच पाणी शिजवायला वापरलं, सिलिंडर संपत आला म्हणून आच मंद ठेवली आणि टोमॅटो सुरुवातीलाच ओतला. आंबटामुळे दाणा लवकर मऊ होत नाही. टोपाला खळखळून उकळी अशी आलीच नव्हती.

कच्च्या राजम्यात, त्यातही लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे पोटाला बाधणारं एक प्रथिन, भरपूर असतं. चार-पाच कच्चे दाणेही बाधू शकतात. खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत मळमळ सुरू होते. उकळीच्या तापमानाला ते नष्ट होतं. पण ८० अंशांच्या आसपास नुसता तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो, म्हणून मंद आचेवरचा हा टोप फार धोक्याचा. हिंगाने लेक्टिन जात नाही. नशिबाने हा त्रास सहसा काही तासांत ओसरतो. मुलांचंही तसंच झालं, सकाळपर्यंत ती पेज प्यायली.

मेससाठी मग पद्धत बदलली. राजमा रात्रीच तिप्पट पाण्यात भिजवायचा, आठ ते बारा तास. ते पाणी ओतून द्यायचं, त्याबरोबर गॅस करणाऱ्या साखराही काही प्रमाणात जातात. ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा आणि मग कुकरला लावायचा. टोमॅटो, चिंच, आमसूल दाणा बोटांनी सहज चुरडल्यावरच. जुना, सुरकुतलेला माल कितीही भिजवला तरी नीट शिजत नाही, तो घ्यायचाच नाही. सोड्याने दाणा लवकर मऊ होतो खरा, पण थायमिन हे जीवनसत्त्व नासतं, त्यामुळे तो मी बंद करायला लावला.

ज्यांना खरोखरच गॅसचा त्रास आहे त्यांच्यासाठी मटकी-मुगाला मोड आणतो. कोंब फुटताना बी त्याच साखरा स्वतःसाठी खर्च करतं. ज्यांना सवय नाही, त्यांना पहिल्या आठवड्यात अर्धी वाटीच उसळ वाढायची, मग हळूहळू वाढवायची.